बाळाच्या डोळ्यातला थेंब : देवीच्या साथीपासून आयोडीनपर्यंत

मराठीत 'डोळे येणे' हा मोठा विलक्षण वाक्प्रचार आहे. डोळे असतातच, मग ते येतात कुठून? तरीही बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही वाडीवर 'लेकराचे डोळे आलेत' असे म्हटले, की ऐकणाऱ्याला सगळे कळते. डोळे लाल आहेत, पापण्या सुजल्या आहेत, सकाळी चिपडांनी चिकटून बसतात, लेकरू उजेडाकडे बघत नाही. हे सारे या दोन शब्दांत येते. मात्र ते कशामुळे झाले, हे या शब्दांत येत नाही. जिवाणूंनी आले, विषाणूंनी आले, धुराने आले, की अश्रू वाहून नेणारी नळी बंद असल्यामुळे आले, याचा भेद आपल्या भाषेने केला नाही. तो करण्याची गरज विज्ञानालाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फारशी भासली नव्हती.

या जिल्ह्यात नेत्रवैद्यक म्हणून काम करताना माझ्यासमोर अनेक वर्षे एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत राहिला. तान्ह्या बाळाचे डोळे आले की घरातले कोणीतरी 'निर्जंतुक करणारे' काहीतरी डोळ्यात घालतेच. पूर्वी ते तुरटीचे पाणी असे, मग बोरिक पावडरचे पाणी आले, आणि आता जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीन. यामागचा विचार साधा आहे : जखमेतले जंतू मरतात, तर डोळ्यातले का मरणार नाहीत? हा विचार मूर्खपणाचा मुळीच नाही. आधुनिक वैद्यकातील एक थोर यश याच विचारातून जन्माला आले. परंतु ते यश एका विशिष्ट रोगाचे होते. विषाणूंच्या बाबतीत बाळाच्या डोळ्यांचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला. त्या दोन वाटा कुठे मिळतात आणि कुठे फुटतात, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

कुकूणक, काजळ आणि धुरी

आपल्या परंपरेला बाळाच्या डोळ्यांचा आजार स्वतंत्रपणे ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ दिली आहे. ते विवेचन संपत असताना एकोणिसाव्या अध्यायात 'कुकूणक' या रोगाचे वर्णन येते. तो केवळ अंगावर पिणाऱ्या बालकांना होतो आणि त्याचे मूळ आईच्या दूषित दुधात आहे, असे तिथे म्हटले आहे. बाळ डोळे, नाक आणि कपाळ चोळते, उजेड सहन करू शकत नाही, डोळ्यांतून स्राव वाहतो, ही लक्षणे आजही कोणाही डॉक्टरला ओळखता येतील. उपचारांत पापणीची आतली बाजू खरवडणे, मधात कालवलेले त्रिकटू लावणे आणि जांभूळ, आंबा, आवळा यांच्या पानांच्या काढ्याने डोळे धुणे सांगितले आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयात कुकूणकाचा समावेश पापण्यांच्या रोगांत केला, आणि बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत त्याच्या चिकित्सेवर वेगळे प्रकरण आहे.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, तान्ह्या बाळाचे डोळे येणे हे मोठ्यांच्या डोळे येण्याहून वेगळे आहे, हे आपल्या वैद्यांनी ओळखले होते. दुसरी, तुरट रसाने डोळा धुण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. तुरटी, त्रिफळा, दारुहळदीपासून केलेली रसवंती ही सारी द्रव्ये त्याच कुळातली. दारुहळदीतील बर्बेरीन या पिवळ्या द्रव्यावर विसाव्या शतकात भारतात खुपऱ्यांच्या रोगासाठी प्रयोगही झाले.

परंतु घराघरांत जे चालत होते ते ग्रंथातल्यापेक्षा साधे होते, आणि काही वेळा घातकही. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, वर शेपा, ओवा, वावडिंग यांची धुरी, खोलीची दारे-खिडक्या बंद. या धुरानेच बाळाचे डोळे लाल होत. वर बोटाने काजळ. ज्या बोटाने एका लेकराला काजळ घातले, त्याच बोटाने दुसऱ्याला. डोळे आले की आईचे दूध डोळ्यात पिळायचे. या दुधात रोगप्रतिकारक द्रव्ये असतात हे खरे, पण त्याने डोळे बरे होतात असे सिद्ध झालेले नाही, आणि डोळ्यात साचलेले दूध जंतूंनाही पोसू शकते. सुईणीचे हात, कपड्याची चिंधी आणि काजळाची डबी ही संसर्ग पसरवणारी तीन खरी साधने होती. त्यांच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नव्हते.

लाइपझिगचा थेंब

आता थोडे युरोपात जाऊ. एकोणिसाव्या शतकात तिथल्या अंधशाळांतील मुलांपैकी मोठा हिस्सा असा होता, की ज्यांची दृष्टी जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच गेली होती. आईला परमा झालेला असला, तर प्रसूतीच्या वेळी त्याचे जंतू बाळाच्या डोळ्यांत शिरत. दोन-चार दिवसांत डोळे पुवाने भरत, बुबुळाला छिद्र पडे आणि दृष्टी जाई. या रोगाचा जंतू आल्बर्ट नायसर याने १८७९ मध्ये शोधला.

याच सुमारास लाइपझिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांनी एक साधा उपाय सुरू केला. बाळ जन्मले की त्याचे डोळे पुसायचे आणि काचेच्या कांडीने प्रत्येक डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या २ टक्के द्रावणाचा एक थेंब सोडायचा. त्यांनी आपले निष्कर्ष १८८१ पासून प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रसूतिगृहात शेकडा दहाच्या आसपास असलेले या रोगाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. प्रतिजैविके यायला अजून सहा दशके होती. एका थेंबाने असंख्य मुलांचे डोळे वाचवले, असे वैद्यकाच्या इतिहासात फार थोड्या औषधांबद्दल म्हणता येते.

क्रेडे यांची पद्धत प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांतून जगभर गेली. तिचे तोटेही होते. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यांना झोंबते, त्यानेच एक-दोन दिवस डोळे लाल होतात, आणि बाटलीतले पाणी उडून द्रावण तीव्र झाले तर बुबुळ भाजते. तरीही तो थेंब इतका यशस्वी ठरला, की त्यातून एक समजूत रुजली : बाळाच्या डोळ्याचे रक्षण म्हणजे जंतुनाशकाचा थेंब. परमा आणि तत्सम जिवाणूंच्या बाबतीत ती खरी होती. मराठवाड्यातल्या मुलांचे डोळे मात्र मोठ्या प्रमाणावर ज्या दोन रोगांनी नेले, ते दोन्ही विषाणूंचे होते. एक देवी, दुसरा गोवर.

देवी आणि गोवर : थेंबाने न हरलेले शत्रू

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले, की लहानपणी पाहिलेला एखादा 'देवीने डोळे गेलेला' माणूस त्यांना हमखास आठवतो. देवीच्या साथीत बुबुळावर व्रण पडे, त्यात इतर जंतू शिरत, आणि डोळा पांढरा होऊन बसे. या रोगात औषध न करण्याची रूढी होती. देवी कोपली आहे, तिला शांत करायचे, कडुलिंबाचा पाला भोवती ठेवायचा. डोळ्यात कोणी काही घातले असते तरी देवीचा विषाणू त्याने हटला नसता.

तो हटला लसीने. भारतात देवीची पहिली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. लस बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने आली होती. तिच्या हातावरच्या फोडातील द्रव दुसऱ्या मुलाला, त्याच्यापासून तिसऱ्याला, अशा रीतीने ती पुढे पुण्याकडे आणि हैदराबादकडे गेली. 'देवी काढणे' हा शब्दप्रयोग मराठीत आला तो इथून. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले. देवीचे भारतातून पूर्ण उच्चाटन व्हायला १९७५ साल उजाडावे लागले. लहान मुलांच्या अंधत्वाचे एक मोठे कारण त्या दिवशी संपले. त्यात डोळ्यात घालायच्या औषधाचा वाटा शून्य होता.

गोवराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. गोवरात डोळे येतातच. तो विषाणू डोळ्याच्या आवरणावर थेट हल्ला करतो. पोटभर खाणाऱ्या मुलाचे डोळे आठवड्याभरात बरे होतात. पण मूल कुपोषित असले आणि त्याच्या शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठा नसला, तर गोवर उरलासुरला साठाही संपवतो. मग बुबुळ कोरडे पडते आणि काही तासांत मेणासारखे विरघळते. अल्फ्रेड सोमर यांनी १९७० नंतरच्या दशकात इंडोनेशियात केलेल्या कामातून हे जगाला पटले, की अ जीवनसत्त्व डोळ्यांइतकेच बालकांच्या जिवाचेही रक्षण करते.

भारत सरकारने मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू केला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९७२ साली, महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ आला. बीड जिल्हा त्याच्या केंद्रभागी होता. खडी फोडणाऱ्या आया, बांधावर झोपवलेली लेकरे आणि सुकडीची वाटी, हे त्या काळाचे चित्र आपल्याकडे अनेकांनी लिहून ठेवले आहे. ज्या जिल्ह्यात धान्यच नाही, तिथे हिरवी भाजी आणि दूध कुठले? अशा मुलाला गोवर झाला, डोळे आले आणि आईने डोळ्यात तुरटीचे पाणी घातले, तर त्या पाण्याने रोग हटत नसे. उलट कोरड्या बुबुळाला ते आणखी झोंबे आणि दवाखाना गाठण्याचे मोलाचे दोन दिवस निघून जात. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख युनिट अ जीवनसत्त्व दिले जाते आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट. या दोन गोष्टींनी गोवरामुळे येणारे अंधत्व आपल्याकडे दुर्मीळ केले.

तिसरा विषाणू तर आईच्या पोटातच डोळ्यांवर घाला घालतो. गरोदरपणी रुबेला झालेल्या आयांची बाळे मोतीबिंदू घेऊन जन्मतात, हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवले. तिथेही थेंबाला वाव नव्हता. गोवर आणि रुबेलाची एकत्रित लसमोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, तेव्हा शाळाशाळांत मुलांच्या रांगा लागल्या होत्या. ती मोहीम डोळ्यांसाठीही होती, हे फार कमी पालकांना ठाऊक होते.

चांद्रविजयाच्या साली आलेली साथ

आपण ज्याला खऱ्या अर्थाने 'डोळ्यांची साथ' म्हणतो, ती यानंतरची. जून १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात एक नवीच साथ उसळली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरायचे, एका दिवसात घरातले सगळे आजारी पडायचे. पुढच्याच महिन्यात अपोलो ११ चंद्रावर उतरले, म्हणून लोकांनी रोगालाच अपोलोचे नाव दिले. त्याचे कारण एन्टेरोव्हायरस ७० हा नवा विषाणू होता. दोन वर्षांत तो भारतात पोहोचला. १९७१ मध्ये कोलकात्यात बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येत होते, त्यामुळे तिथल्या लोकांनी या साथीला 'जय बांगला' म्हटले. मुंबईतही त्याच साली ती फैलावली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी एक धक्कादायक निरीक्षण नोंदवले : डोळ्यांची साथ ओसरल्यावर काही रुग्णांचे पाय पोलिओसारखे लुळे पडत होते. डोळ्यांचा 'किरकोळ' विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोहोचू शकतो, हे जगाला सांगणाऱ्यांत मुंबईचे डॉक्टर आघाडीवर होते.

या प्रसंगाचे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे. पुवाने भरलेला जिवाणूंचा डोळा आणि लाल, पाणी गळणारा विषाणूंचा डोळा यांतला फरक सामान्य माणसाला पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर दिसला. औषधाच्या दुकानांतून प्रतिजैविकांचे थेंब भराभर खपले. सात-आठ दिवसांनी डोळे बरे झाले, आणि ते थेंबाने झाले असेच प्रत्येकाला वाटले. खरे तर ते आपोआप होणारच होते. विषाणूंच्या साथीत कोणतेही औषध यशस्वी वाटते, आणि समजुती पक्क्या होतात त्या इथेच. जुलै २०२३ मध्ये आळंदीपासून सुरू होऊन बुलढाण्यासह राज्यभर पसरलेल्या साथीतही हेच पाहायला मिळाले.

तपकिरी बाटलीचा प्रवास

आता त्या तपकिरी बाटलीकडे वळू. आयोडीन हे मूलद्रव्य १८११ मध्ये बर्नार्ड कूर्तुआ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेत सापडले. जंतू मारण्यात ते वाकबगार, पण त्वचेला भाजणारे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे शेलान्स्की यांनी ते पोव्हिडोन या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाशी बांधले. पोव्हिडोन मूळचे जर्मनीतले. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरलेले. या बांधणीमुळे आयोडीन हळूहळू सुटते, म्हणून भाजत नाही. आपण 'बेटाडिन' या नावाने ओळखतो ते हेच.

ते डोळ्यात आणले लॉस एंजेलिस येथील लिओनार्ड ॲप्ट आणि शेर्विन आयझेनबर्ग यांनी. डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचा थेंब घातला तर डोळ्याच्या आवरणावरील जिवाणू मोठ्या प्रमाणात कमी होतात, हे त्यांनी १९८४ मध्ये दाखवले. आज मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी हा थेंब पडतो. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातही तो पडत आला आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाने जिल्ह्यातील नेत्रसेवेचा चेहरा बदलला. पुढे जे. जे. रुग्णालयात गेलेले डॉ. तात्याराव लहाने यांनी आपल्या सेवेची सुरुवातीची वर्षे इथेच काढली.

मग याच जोडीने क्रेडे यांच्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला. केनियात त्यांनी ३११७ नवजात बाळांवर तीन औषधांची तुलना केली आणि निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. सिल्व्हर नायट्रेट दिलेल्यांपैकी १७.५ टक्के बाळांचे डोळे संसर्गाने आले, एरिथ्रोमायसिन दिलेल्यांत १५.२ टक्के, तर २.५ टक्के पोव्हिडोन आयोडीन दिलेल्यांत १३.१ टक्के. आयोडीन स्वस्त, टिकाऊ, आणि घातल्याची खूण म्हणून काही क्षण डोळा तपकिरी दिसतो, त्यामुळे कोणत्या बाळाला दिले हे परिचारिकेला कळते. गरीब देशांसाठी क्रेडे यांचा थेंब नव्या रूपात परत आला.

पण विषाणूंचे काय? प्रयोगशाळेत काचेच्या नळीत आयोडीन अडेनोव्हायरसला मारते. म्हणून आशा मोठी होती. याच संशोधकांनी फिलिपिन्समध्ये मनिला येथे डोळे आलेल्या ४५९ मुलांवर १.२५ टक्के पोव्हिडोन आयोडीन आणि प्रतिजैविकांचे मिश्रण यांची तुलना केली. निष्कर्ष २००२ मध्ये आले. जिवाणूंनी आलेल्या डोळ्यांत आयोडीन प्रतिजैविकाइतकेच गुणकारी ठरले. विषाणूंनी आलेल्या डोळ्यांत दोन्ही औषधे सारखीच निरुपयोगी ठरली.

असे का, याचे उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे. जिवाणू डोळ्याच्या पृष्ठभागावर वाढतो, तिथे त्याला आयोडीन गाठते. विषाणू पेशींच्या आत शिरून बसतो. अश्रूंमध्ये मोकळे फिरणारे विषाणू आयोडीनने मरतात, पण आत लपलेल्यांपर्यंत ते पोहोचत नाही, आणि ते नव्या विषाणूंची फौज बाहेर सोडतच राहतात. अमेरिकेत 'रॅपिड' नावाने झालेल्या एका छोट्या चाचणीत मोठ्या माणसांच्या डोळ्यांत, आधी बधिर करून, ५ टक्के आयोडीन एकदाच घालून धुऊन काढले, तेव्हा पहिल्या काही दिवसांत विषाणूंचे प्रमाण लवकर घटले. तुर्कस्तानातील नेत्रतज्ज्ञांनी २०१५ मध्ये अडेनोव्हायरस झालेल्या तान्ह्या बाळांना आयोडीन दिल्याचा अनुकूल अनुभव मांडला. तेव्हा दार पूर्ण बंद झालेले नाही. मात्र हे सारे रुग्णालयात, मोजून विरल केलेल्या द्रावणाने आणि तज्ज्ञाच्या हातून झालेले आहे. घरातल्या बाटलीला त्यातून परवाना मिळत नाही.

बाटली तीच, औषध वेगळे

इथे मी माझ्या कामातून आलेली काही निरीक्षणे मांडतो, कारण त्यात बाळाच्या दृष्टीचा प्रश्न आहे.

पहिले असे, की दुकानात मिळणारी तपकिरी बाटली एकाच प्रकारची नसते. जखमेचे द्रावण वेगळे आणि शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याचा 'स्क्रब' वेगळा. स्क्रबमध्ये साबणासारखे द्रव्य असते. ते डोळ्यात गेले तर बुबुळाचा वरचा थर सोलून निघतो आणि कायमचा डाग राहू शकतो. वाचता न येणाऱ्या आजीला या दोन बाटल्यांतला फरक कसा कळावा? असे भाजलेले डोळे मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी घालणारे हात प्रेमाचेच होते.

दुसरे, जखमेचे १० टक्के द्रावणही डोळ्यासाठी नसते. ते घरी पाण्यात कालवून 'हलके' केले तर धोका टळतो असे वाटते. पण या औषधाचे रसायन उलटे आहे : एका मर्यादेपर्यंत पाणी वाढवले की मोकळे आयोडीन कमी न होता वाढते. शिवाय घरचे पाणी आणि वाटी निर्जंतुक नसते.

तिसरे, तान्ह्या बाळाचे शरीर आयोडीन शोषून घेते. वारंवार वापराने त्याच्या थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावू शकते. जन्मानंतरचा एक थेंब वेगळा आणि दिवसातून चार वेळा आठवडाभर घातलेले थेंब वेगळे.

चौथे सर्वांत महत्त्वाचे. नवजात बाळाचे डोळे कधी कधी नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूने येतात. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत एका डोळ्याला सूज, पापणीवर बारीक पाण्याचे फोड, बाळ मलूल. हा विषाणू डोळ्यातून मेंदूकडे जाऊ शकतो. जगातले पहिले विषाणुरोधक औषध, आयडॉक्सयुरिडीन, १९६२ मध्ये याच रोगासाठी डोळ्यात वापरले गेले. नंतर ॲसायक्लोव्हिर आले, ज्याच्या संशोधनात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता आणि ज्यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हा विषाणूंवर औषध नाहीच, असे नाही. हर्पिसवर आहे, पण ते शिरेतून द्यायचे असते आणि वेळेत द्यायचे असते. ज्या घरात तीन दिवस आयोडीन घालून वाट पाहिली जाते, तिथे ती वेळ निघून जाते.

आणि अनेकदा तर संसर्गच नसतो. बाळाची अश्रुनलिका जन्मतः अरुंद असते, डोळ्यातून पाणी आणि चिपडे येत राहतात. नाकाच्या मुळाशी स्वच्छ बोटाने दिवसातून काही वेळा हलका दाब देत खाली चोळले, की बहुतेक बाळांची नळी वर्षाच्या आत उघडते. क्रिग्लर यांनी १९२३ मध्ये सुचवलेला हा उपाय आजही तितकाच खरा आहे. त्याला पैसे लागत नाहीत.

इतिहास काय सांगतो

या सगळ्या प्रवासाकडे एकत्र पाहिले, तर एक सूत्र हाती लागते. जंतुनाशकाच्या थेंबाने जिवाणूंचे अंधत्व हटवले. विषाणूंचे अंधत्व हटले ते लसीने, अन्नाने, वेळेवर ओळखण्याने आणि धुतलेल्या हातांनी. एका लढाईत जिंकलेले शस्त्र दुसऱ्या लढाईत चालवण्याचा मोह प्रत्येक पिढीला झाला. सुश्रुताच्या काळी काढा होता, आजोबांच्या काळी बोरिक, आपल्या काळी आयोडीन. द्रव्य बदलले, पण 'कशामुळे आले' हा प्रश्न विचारण्याआधी थेंब घालण्याची घाई तीच राहिली.

बीड जिल्ह्याला या सूत्राचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे आपल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता बांधलेला असतो, आणि अनेक आयांच्या कडेवर तान्ही लेकरे असतात. कोपीमध्ये पाणी दूर, चुलीचा धूर जवळ, पाचटाची धूळ सगळीकडे. तिथे एका लेकराचे डोळे आले, की दोन दिवसांत टोळीतल्या सगळ्या लेकरांचे येतात. नवव्या महिन्याचा लसीचा आणि अ जीवनसत्त्वाचा डोस नेमका याच हंगामात येतो आणि चुकतो. ज्या मुलाला तो मिळाला नाही, त्याच्या डोळ्यांचे रक्षण तपकिरी बाटली करू शकत नाही.

म्हणून टोळीबरोबर जाणाऱ्या आईला औषधाचा थेंब देण्याआधी चार गोष्टी द्यायला हव्यात, असे मला वाटते. लसीचे कार्ड, जे कोल्हापूर, सोलापूर किंवा बेळगाव भागातल्या आरोग्य केंद्रातही दाखवता येईल. उकळून गार केलेले पाणी आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा स्वच्छ कापूस, चिपडे पुसायला. काजळ न घालण्याचा सल्ला, तोही आशाताईंकडून नव्हे तर सासूबाईंकडून मिळाला तर अधिक बरा. आणि धोक्याच्या खुणांची एक छोटी यादी : जन्मल्यापासून महिन्याच्या आत डोळे आले, पापण्या उघडता येत नाहीत इतकी सूज आली, पू वाहू लागला, पापणीवर पाण्याचे फोड आले, बुबुळ पांढुरके दिसले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही.

परळीच्या वैजनाथाची कथा या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी त्या लिंगात लपले, अशी ती श्रद्धा. ज्या भूमीत वैद्यांच्या देवाचे ठाणे आहे, तिथे बाळाच्या डोळ्यासाठी अमृताचा थेंब शोधला जाणे स्वाभाविकच आहे. क्रेडे यांना असा एक थेंब सापडला, पण तो एकाच शत्रूसाठी होता. बाकीच्यांसाठी आपल्याला जे सापडले ते कुपीत मावत नाही. ते दंडावर टोचले जाते, ताटात वाढले जाते आणि हात धुण्याच्या पाण्यात असते. या हंगामात एखादी टोळी तुमच्या गावावरून निघाली, तर तिच्यातल्या आईला एवढे एकच विचारा, की लेकराची नवव्या महिन्याची सुई झाली का?